मनाचा आघात आणि उपचारपद्धतींचा समन्वय

(न्यासाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मानसोपचार विभागाच्या वतीने केलेल्या भाषणाचा संपादित पाठ)



दरवर्षी या सभेत आमच्या विभागाचा अहवाल चार-पाच ओळींत आटोपतो. बाह्यरुग्ण किती तपासले, आंतररुग्ण किती होते, शिबिरे किती घेतली, एवढे सांगून आम्ही खाली बसतो. ते आकडे यंदाही तक्त्यात दिलेले आहेत. परंतु मागील सभेत एका ज्येष्ठ विश्वस्तांनी आम्हाला एक प्रश्न विचारला होता. ‘अस्थिरोग विभागात मोडलेल्या हाडाला एक प्लास्टर लागते. तुमच्याकडे मात्र एकाच रुग्णाला कधी श्वासाचे व्यायाम, कधी वही लिहिणे, कधी गोळ्या, कधी घरच्यांची बैठक असे चार-चार उपचार चालतात. यांपैकी कशाने बरे वाटते, हे तुम्हाला तरी ठाऊक असते काय?’ प्रश्न रास्त होता. त्या दिवशी त्याचे उत्तर आम्हाला नीट देता आले नाही. आज अध्यक्ष महोदयांनी थोडा अधिक वेळ दिला आहे, म्हणून ते देण्याचा प्रयत्न करतो.

आघात म्हणजे काय

‘आघात’ हा शब्द आपण शरीराला झालेल्या इजेसाठी वापरतो, तसाच मनाच्या इजेसाठीही वापरतो. दोन्हींत साम्य आहे, पण एक मोठा भेदही आहे. शरीराची जखम बाहेरून दिसते. मनावर झालेला आघात दिसत नाही आणि पुष्कळदा तो घटना संपल्यानंतर डोके वर काढतो. अपघात, पूर, दरड, आग, मारहाण, लैंगिक अत्याचार, डोळ्यांदेखत झालेला मृत्यू अशा प्रसंगांतून गेलेल्या माणसाला काही काळ झोप न येणे, दचकणे, प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येणे हे स्वाभाविकच आहे. तो आजार नव्हे. बहुसंख्य माणसे घरच्यांच्या आधाराने आणि काळाच्या ओघात काही आठवड्यांत सावरतात. ही गोष्ट आम्ही मुद्दाम आधी सांगतो, कारण दुःखी माणसाला रोगी ठरवणे हा आमच्या विभागाचा हेतू नाही.

काहींच्या बाबतीत मात्र ती घटना भूतकाळात जमा होत नाही. ती स्मरणात राहत नाही, तर पुन्हा पुन्हा घडत राहते. ज्याने तिची आठवण होईल ते सारे, म्हणजे रस्ता, आवाज, वास, माणसे, टाळण्याकडे मनाचा कल होतो. शरीर सतत सावध राहते. ‘माझ्यामुळेच हे झाले’, ‘आता कशातच अर्थ नाही’ असे विचार घर करून बसतात. या अवस्थेला आघातोत्तर तणाव विकार असे म्हणतात. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली तिला आपल्या वर्गीकरणात स्वतंत्र स्थान दिले. बालपणापासून वर्षानुवर्षे छळ सोसलेल्या माणसांच्या बाबतीत याखेरीज भावनांवरचा ताबा, स्वतःविषयीची किंमत आणि इतरांवरचा विश्वास याही गोष्टी ढासळलेल्या असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या वर्गीकरणाने, जे १ जानेवारी २०२२ पासून अमलात आले, या गुंतागुंतीच्या प्रकाराची वेगळी नोंद केली आहे.

एकूण, ज्याला आपण एक आजार म्हणतो त्यात शरीर, स्मृती, विचार आणि नाती अशा चार ठिकाणी इजा झालेली असते. विश्वस्त महोदयांच्या प्रश्नाच्या उत्तराचा पहिला भाग हा आहे. हाड एका ठिकाणी मोडले तर एक प्लास्टर पुरते. चार ठिकाणी मोडले तर आमचे अस्थिरोगतज्ज्ञ मित्रही चार ठिकाणी पाहतात.

आपत्तींनी दिलेले धडे

या विषयाचे शिक्षण महाराष्ट्राला पुस्तकांतून कमी आणि संकटांतून अधिक मिळाले आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात भूकंप झाला. गणेश विसर्जन आटोपून लोक नुकतेच झोपले होते. दगड-मातीच्या जाड भिंतींची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत सात हजारांहून अधिक माणसे गेली. पुढे कित्येक महिने वाचलेल्यांना छताखाली झोपणे नकोसे वाटत असे. ज्या घराने आसरा द्यायचा, तेच घर भीतीचे कारण झाले होते. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळून दीडशेहून अधिक माणसे दगावली. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी येथेही तोच प्रसंग ओढवला. अशा ठिकाणी पाऊस सुरू झाला की मनात काय होत असेल, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

त्याआधी, १९८४ साली २ व ३ डिसेंबरच्या दरम्यानच्या रात्री भोपाळला विषारी वायूची गळती झाली. तेव्हा मानसोपचारतज्ज्ञ फारच थोडे उपलब्ध होते. सामान्य वैद्यकीय अधिकाऱ्यांना मानसिक आरोग्याचे प्राथमिक प्रशिक्षण देऊन तेथे हे काम उभे करण्यात आले. आपल्यासारख्या लहान गावातील रुग्णालयाला हा धडा आजही मोलाचा वाटतो.

या सर्व अनुभवांचे सार असे की आघाताच्या पहिल्या दिवसांत उपचारापेक्षा आधार मोठा असतो. निवारा, जेवण, नातेवाइकांचा शोध, खरी माहिती आणि जवळ बसणारे माणूस, यांनाच मानसिक प्रथमोपचार म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने त्याची मार्गदर्शिका २०११ साली प्रसिद्ध केली. घटना घडताच सर्वांना गोळा करून ‘काय पाहिलेत ते सांगा, मन मोकळे करा’ असा आग्रह धरण्याची पद्धत एके काळी रूढ होती. तिचा उपयोग होत नाही, उलट काहींना अपायच होतो, असे पुढील अभ्यासांत दिसून आले. त्याचप्रमाणे पहिल्या महिन्यात आघाताच्या लक्षणांसाठी शामक गोळ्या देऊ नयेत, असे त्याच संघटनेने २०१३ सालच्या मार्गदर्शक सूचनांत सांगितले आहे. नातेवाइकांकडून ‘निदान झोपेची गोळी तरी द्या’ अशी मागणी आमच्याकडे नेहमी होते. आम्ही ती नाकारतो तेव्हा त्यामागे कठोरपणा नसून हे कारण असते.

निरनिराळ्या पद्धती

आता उपचारांच्या पद्धतींचा थोडक्यात परिचय करून देतो.

पहिली पद्धत विचार-वर्तन उपचारांची. अमेरिकेत अल्बर्ट एलिस आणि ॲरन बेक यांनी १९५० व १९६० च्या दशकांत तिचा पाया घातला. एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धती महाराष्ट्रात कि. मो. फडके यांच्या मराठी लेखनामुळे अनेकांच्या परिचयाची झालेली आहे. घटना बदलता येत नाही, परंतु घटनेचा आपण लावलेला अर्थ तपासून पाहता येतो, हे या पद्धतीचे सूत्र. आघातग्रस्तांच्या बाबतीत तिचा रोख स्वतःला दोष देण्याच्या सवयीवर असतो.

दुसरी पद्धत सामोरे जाण्याची. एड्ना फोआ यांनी तिची शिस्तबद्ध मांडणी केली. रुग्ण सुरक्षित खोलीत, उपचारकाच्या सोबतीने, तो प्रसंग वर्तमानकाळात पुन्हा पुन्हा सांगतो आणि टाळलेल्या ठिकाणी पायरीपायरीने जाऊ लागतो. आठवण दुःखद आहे, पण धोकादायक नाही, हे मनाला अशा अनुभवानेच पटते. उपदेशाने पटत नाही.

तिसरी पद्धत डोळ्यांच्या हालचालींची. फ्रान्सिन शापिरो यांनी तिच्यावरील पहिला अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध केला. आठवण मनात धरून उपचारकाच्या बोटामागे डोळे डावी-उजवीकडे फिरवायचे, असे तिचे स्वरूप असते. डोळ्यांच्या हालचालींचा त्यातील वाटा किती, यावर तज्ज्ञांत वाद आहे. मात्र उपचाराचा गुण येतो हे मान्य झालेले आहे.

चौथी पद्धत जीवनकथनाची. जर्मनीतील संशोधकांनी ती युद्ध आणि निर्वासन भोगलेल्यांसाठी विकसित केली. युगांडातील छावणीत राहणाऱ्या सुदानी निर्वासितांवरील तिचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. जमिनीवर एक दोरी अंथरायची. ती म्हणजे आयुष्य. चांगल्या प्रसंगांच्या जागी फुले आणि आघातांच्या जागी दगड ठेवायचे आणि जन्मापासून आजपर्यंतची कथा क्रमाने सांगायची. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसालाही ही पद्धत लगेच समजते. आमच्या विभागात या कामासाठी सुंभाची दोरी आणि नदीतले गोटे ठेवलेले आहेत. फुले मात्र रुग्ण स्वतः आणतात.

पाचवी वाट शरीराची. श्वसन, स्नायू सैल सोडणे, जमिनीवर पाय टेकून भोवतीच्या पाच वस्तू मोजणे, योगासने यांचा त्यात समावेश होतो. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. एन. एस. वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पातंजल योगाच्या तत्त्वांवर आधारलेला उपचार पन्नासएक वर्षांपूर्वीच अभ्यासला होता, याची आठवण आपण ठेवली पाहिजे.

सहावी वाट कुटुंबाची. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहू दिले आणि उपचारात सहभागी करून घेतले. आपल्या समाजात माणूस एकटा आजारी पडत नाही आणि एकटा बराही होत नाही. प्रिय व्यक्ती किंवा वस्तू गमावल्याने ज्याचे मन खचले त्याला सांत्वन आणि धीर द्यावा, असे चरकसंहितेच्या उन्मादचिकित्सेतही सांगितलेले आहे.

यांच्या जोडीला औषधे असतात. नैराश्य किंवा निद्रानाश तीव्र असेल तर त्यांची मदत होते. परंतु आघाताच्या आठवणीवर काम करण्याचा पर्याय म्हणून आम्ही ती वापरत नाही.

समन्वय म्हणजे खिचडी नव्हे

इतक्या पद्धती आहेत म्हणून प्रत्येकीतील थोडे थोडे घेऊन रुग्णाला द्यावे, असा अर्थ कोणी काढू नये. त्याला आम्ही समन्वय म्हणत नाही. समन्वयाला क्रम लागतो आणि क्रमाला कारण लागते.

हा क्रम फार जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये पियरे जाने यांनी आघातग्रस्तांवरील उपचाराचे टप्पे पाडले होते. पुढे १९९२ साली ज्युडिथ हर्मन यांनी आपल्या ग्रंथात ते नव्याने मांडले. प्रथम सुरक्षितता, नंतर स्मरण आणि शोक, आणि शेवटी माणसांत व जीवनात परतणे, असे ते तीन टप्पे होत. मेरिलीन क्लॉत्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालपणी अत्याचार सोसलेल्या स्त्रियांवर केलेला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. आधी भावना सांभाळण्याची कौशल्ये आणि मग आठवणींचे काम, असा जोड-उपचार केवळ एकाच अंगावर भर देणाऱ्या उपचारापेक्षा अधिक गुणकारी ठरल्याचे त्यात आढळले.

प्रामाणिकपणे सांगायचे तर याची दुसरी बाजूही आहे. नेदरलँड्समधील एका अभ्यासात २०२१ साली असे दिसले की बालपणी अत्याचार सोसलेल्या पुष्कळ रुग्णांना वेगळ्या पूर्वतयारीवाचूनही सामोरे जाण्याच्या उपचाराचा तेवढाच लाभ झाला. म्हणजे ‘रुग्णाची तयारी झालेली नाही’ असे म्हणत महिनोन्‌महिने श्वासाचे व्यायामच करून घेणे हेही चूकच. अशा वेळी बहुधा रुग्णापेक्षा उपचारकच त्या आठवणीला भीत असतो.

म्हणून आम्ही आमच्यापुरते तीन नियम घालून घेतले आहेत. प्रत्येक रुग्णाच्या कागदावर त्याच्या दुखण्याचा आराखडा एका परिच्छेदात लिहिलेला असावा आणि प्रत्येक उपचाराचे कारण त्यात सापडावे. एका वेळी एकच नवी गोष्ट सुरू करावी, म्हणजे कशाचा गुण आला हे कळते. आणि वीस प्रश्नांची ठरावीक लक्षणसूची ठरलेल्या अंतराने भरून घ्यावी. आमच्या मताला आकड्याचा धाक असावा. मागील वर्षीच्या प्रश्नाच्या उत्तराचा हा दुसरा भाग होय.

आमची एक चूक

हे नियम आम्हाला पुस्तकातून सुचले नाहीत. ते एका चुकीतून सुचले. ती येथे सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. संबंधित भगिनींची अनुमती घेतलेली आहे आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

या भगिनी आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन माहेरच्या जत्रेला निघाल्या होत्या. घाटात टेम्पो उलटला. मुलगा गेला. त्यांच्यावर आपल्याच रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. दोन महिन्यांनंतर झोप नाही, जेवण नाही, हॉर्नचा आवाज आला की थरकाप, अशा अवस्थेत त्यांना आमच्याकडे पाठवण्यात आले. त्या काळी आमच्या विभागाला स्वतंत्र खोली नव्हती, पडदा होता. पडद्यापलीकडे बाह्यरुग्णांची रांग होती आणि अलीकडे दोन प्रशिक्षणार्थी उभे होते. आठवण सांगितल्याने उतार पडतो, हे आम्ही नुकतेच शिकलो होतो. पहिल्याच भेटीत आम्ही त्यांना सारे सांगायला लावले. मुलाचे नाव घेताना त्यांचे हात गार पडले, त्या खाली कोसळल्या. इंजेक्शन देऊन त्यांना घरी पाठवण्यात आले. त्या दिवशीच्या केसपेपरवर ‘उपचार केले’ असे आमच्या अक्षरात लिहिलेले आहे.

त्यानंतर चार महिने त्या आल्या नाहीत. गावच्या आशाताईंनी त्यांना पुन्हा आणले तेव्हा त्यांनी घराचा उंबरठा ओलांडणेही सोडलेले होते. आम्ही आधी त्यांची क्षमा मागितली. मग सांगितले, ‘ताई, आता तुम्ही म्हणाल तेव्हाच आणि म्हणाल तेवढेच बोलायचे.’ त्यांनी मान हलवली, बोलल्या काहीच नाहीत.

पहिले पाच आठवडे आम्ही अपघाताचा विषय काढला नाही. झोपेची वेळ, श्वास आणि हॉर्न वाजला तर पाय जमिनीवर घट्ट टेकून आपण आता कोठे आहोत हे स्वतःशी म्हणणे, एवढेच काम केले. पुढे पती आणि सासूबाईंना बोलावले. घरात उघड दोष कोणी देत नव्हते, पण पती एकदा म्हणून गेले होते, ‘मी नको म्हणत होतो, हिनेच हट्ट धरला.’ त्या एका वाक्याभोवती ते घर मुके झाले होते. त्या बैठकीत पती प्रथमच रडले. मुलाला ताप आहे असे सांगून आपण त्या दिवशी जाणे थांबवायला हवे होते, असे त्यांनाही सहा महिने वाटत होते.

त्यानंतर वही सुरू झाली. ‘तुमची काही चूक नाही’ असे आम्ही त्यांना म्हटले नाही. ते सर्वांनी म्हणून झाले होते. आम्ही एका पानावर दोन रकाने आखले. निघताना मला काय ठाऊक होते, आणि नंतर मला काय कळले. टेम्पोचा ब्रेक, समोरून आलेला ट्रक, वळणावरची खडी हे सारे दुसऱ्या रकान्यात गेले. पहिल्या रकान्यात जत्रा, नवे कपडे आणि आजीची ओढ एवढेच उरले.

यानंतरच त्यांनी आपण होऊन सांगितले की आता तो दिवस बोलायचा आहे. दार बंद असलेल्या खोलीत सात भेटींत तो बोलला गेला. त्यांच्या मनात एकच गोष्ट रुतून बसली होती, ‘मी त्याचा हात सोडला.’ चौथ्या वेळी सांगताना त्यांनी म्हटले की हात सोडला नव्हता, हातात जीवच नव्हता. असे काही आम्ही सुचवलेले नव्हते. आठवणीत आपल्या बाजूने काही भरू नये, हा या कामातील कडक नियम आहे. त्या बोलल्यानंतर आम्ही अस्थिरोग विभागाचे कागद मागवले. डाव्या दंडाचा अस्थिभंग त्यात पहिल्याच ओळीत नोंदलेला होता. तो कागद त्यांनी बराच वेळ हातात धरला होता.

पुढचे काम रस्त्याचे. एस. टी. स्थानकावर जाऊन बसणे, उभ्या गाडीत चढून उतरणे, एका थांब्यापर्यंतचा प्रवास, आणि शेवटी पतीसोबत घाट. लक्षणसूचीचे आकडे या काळात निम्म्याहून खाली आले. मात्र शोक राहिला. तो आजार नव्हे आणि त्याच्यावर उपचारही नाही. मुलाच्या पहिल्या पुण्यतिथीला त्या दोघांनी त्याच्या शाळेत वह्या वाटल्या. त्या आजही गाडीत खिडकीशी बसत नाहीत. आम्हीही त्याचा आग्रह धरत नाही.

या उपचारांत कोणत्या पद्धतीचा गुण आला, असे विचारले तर आमचे उत्तर असे की श्वासाने त्यांना खोलीत बसवले, बैठकीने घरात बसवले, वहीने दोषातून सोडवले आणि सांगण्याने तो दिवस मागे टाकला. यांतील सांगणे आम्ही एकदा सर्वांत आधी केले होते. पद्धत तीच होती, जागा आणि वेळ चुकली होती.

सुरक्षितता हा पहिला उपचार

आणखी दोन गोष्टींचा उल्लेख करणे आवश्यक वाटते. आमच्याकडे येणाऱ्या काही मुलींवर आणि स्त्रियांवर घरातच अत्याचार चालू असतो. मारणारा घरात असताना श्वासाचे व्यायाम शिकवणे हा उपचार नव्हे. अल्पवयीन मुलांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास ती पोलिसांना कळवणे २०१२ च्या कायद्याने बंधनकारक आहे. हे आम्ही बोलणे सुरू होण्यापूर्वीच मुलीला समजेल अशा शब्दांत सांगतो. विश्वासाने सांगितलेली गोष्ट आपल्या नकळत बाहेर गेली, असा दुसरा आघात तिला आमच्याकडून होऊ नये.

दुसरी गोष्ट देवऋषी आणि अंगाऱ्याची. अनेक कुटुंबे आमच्याकडे येण्यापूर्वी तेथे जाऊन आलेली असतात. श्रद्धेची थट्टा आम्ही करत नाही. नामस्मरणाने कोणाला शांत वाटत असेल तर त्याने ते जरूर करावे. मात्र मारहाण, उपाशी ठेवणे, साखळीने बांधणे या प्रकारांना आम्ही स्पष्ट विरोध करतो. त्यासाठी २०१३ चा महाराष्ट्राचा कायदाही आहे.

आमच्या गरजा

आता विश्वस्त मंडळापुढे काही गरजा नम्रपणे मांडतो.

पहिली गरज वेळेची. बाह्यरुग्ण विभागात एका तासात अनेक रुग्ण तपासले जातात. आघाताच्या उपचारात एका तासात एकच. रुग्णसंख्येच्या तक्त्यात आमचा विभाग म्हणूनच नेहमी तळाशी दिसतो. आमचे मोजमाप संख्येबरोबर ‘उपचार पूर्ण केलेले रुग्ण’ या रकान्यानेही व्हावे, अशी विनंती आहे.

दुसरी गरज जागेची. दार असलेली एक खोली आपण दिलीत, त्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. परंतु समुपदेशक दोन आहेत. एकीची वेळ चालू असताना दुसरी पुन्हा त्याच पडद्याआड बसते. त्या पडद्याची किंमत काय असते, हे वर सांगितलेच आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. तो पडद्याने पाळला जात नाही.

तिसरी गरज एस. टी. भाड्याची. बारा-पंधरा भेटींचा उपचार मध्येच सोडण्याचे आमच्याकडील सर्वांत नेहमीचे कारण मनाचे नसते. येण्या-जाण्याचे भाडे आणि बुडालेला रोज हे ते कारण असते. गरीब रुग्ण निधीतून औषधांना साहाय्य मिळते. तेच प्रवासालाही मिळावे.

चौथी गरज माणसे घडवण्याची. गोव्यात ‘संगत’ या संस्थेने दाखवून दिले की स्थानिक, सामान्य शिक्षण झालेल्या व्यक्ती योग्य प्रशिक्षण आणि देखरेख मिळाल्यास नैराश्यावरील समुपदेशन उत्तम करू शकतात. त्यांचे अभ्यास २०१० आणि २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. आघाताच्या आठवणींचे काम अधिक नाजूक आहे आणि ते प्रशिक्षित उपचारकानेच करावे. परंतु प्रथमोपचार, झोपेचे व श्वासाचे शिक्षण, घरभेटी आणि वेळीच पाठवणी हे आपल्या परिचारिका व गावोगावच्या आशाताई निश्चित करू शकतील. त्या भगिनींना आम्ही गमावले होते. आशाताईंनी त्यांना परत आणले, हे विसरता येणार नाही. रात्री-अपरात्री मदत हवी असल्यास शासनाची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर सुरू झालेली आहे. तिचा फलक प्रत्येक वॉर्डात लावावा, असे सुचवतो.

शेवटची गरज आमच्या सहकाऱ्यांविषयी आहे. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत आपल्या वॉर्डबॉय, परिचारिका आणि रुग्णवाहिकेच्या चालकांनी जे पाहिले, त्याबद्दल त्यांच्याशी कोणी बोललेले नाही. त्यांच्यापैकी काही जण आता, इतक्या वर्षांनी, ‘झोप लागत नाही’ एवढेच सांगत आमच्या दाराशी येतात. त्यांच्यासाठी महिन्यातील एक दुपार राखून ठेवण्याची परवानगी द्यावी.

उपसंहार

मागील वर्षीच्या प्रश्नाचे उत्तर जमेल तसे दिले आहे. मनाच्या जखमेवर सर्वांना लागू पडेल असा एकच उपचार आमच्याजवळ नाही. निरनिराळ्या गुरूंनी, निरनिराळ्या देशांत घडवलेली साधने आहेत आणि समोरच्या माणसाला त्यांतले कोणते, केव्हा, किती द्यावे याचा विचार आहे. साधने शिकता येतात. तो विचार मात्र प्रत्येक रुग्णासाठी नव्याने करावा लागतो, आणि चुकल्यास चूक कबूल करून पुन्हा आरंभ करावा लागतो.

तो आरंभ करण्याची संधी या न्यासाने आम्हाला दिली. ज्या रुग्णांनी आमच्यावर दुसऱ्यांदा विश्वास ठेवला, त्यांचे ऋण त्याहून मोठे आहे.